गोव्यातल्या पेडण्यात शेतीच्या भागातली सरकारी कामे घ्यावीत का, आणि भांडवल किती लागेल?

तुमचा सिव्हिलचा डिप्लोमा झाला आहे आणि पाट, बंधारे, शेतरस्ते यांची कामे घ्यायची आहेत, तर भांडवलाचा हिशेब एवढाच की अनामत भरल्यावर मजूर, चिरे, खडी, रेती आणि सिमेंट यांचा खर्च पहिले बिल मंजूर होईपर्यंत स्वतः सोसता आला पाहिजे. बिल येते तेव्हाही त्यातून वैयक्तिक नावावर आयकराचा १ टक्का, कामगार उपकराचा १ टक्का आणि अडीच लाखांवरच्या कंत्राटात जीएसटीचे २ टक्के कापलेले असतात.

परंतु शेतकरीच कंत्राटदाराला काम करू देत नाहीत, हे जे तुम्ही लिहिले आहे, ते मला मान्य नाही. जून ते सप्टेंबर पावसामुळे पाटाला हात लावता येत नाही. उरलेल्या कोरड्या महिन्यांतच आम्हा कंत्राटदारांचे काम आणि त्याच महिन्यांत वायंगणाचे, म्हणजे पावसाळ्यानंतर पाटाच्या पाण्यावर घेतले जाणारे भात. एकाच पाटातून एकाला पाणी हवे असते आणि दुसऱ्याला तो कोरडा हवा असतो, त्यात आडमुठेपणा कोणाचाच नाही.

माझ्याकडे पाटाच्या अस्तरीकरणाचे एक काम होते. निविदा पावसाळा संपताच उघडली, पण कार्यादेश (काम सुरू करण्याचा लेखी हुकूम) हाती पडला तेव्हा तरवा, म्हणजे भाताची रोपे, लावून झाला होता, आणि ३१ मार्चला निधी परत जाईल म्हणून कार्यालयाची घाई सुरू झाली. माझ्या तेव्हाच्या भागीदाराचे म्हणणे होते की पाणी सरळ बंद करावे, पीक गेले तर नुकसानभरपाईचे सरकार बघेल. मी देवळाच्या सभामंडपात शेतकऱ्यांना बोलावले, त्यांच्याच संमतीने बांधाच्या कडेने कच्चा पाट खणून पाणी वळवले आणि मूळ पाटाचे काम तुकड्या-तुकड्याने केले. अंदाजपत्रकात ती बाब नसल्यामुळे एमबीत, म्हणजे ज्यावरून बिल निघते त्या मोजमाप वहीत, तिची नोंद झाली नाही; जेसीबीचे भाडे माझ्या खिशातून गेले आणि भागीदारही गेला.

तो आजही चारचौघांत सांगतो की मी गावात चांगला म्हणवून घेण्यासाठी नफा उधळला. त्याने हेही सांगावे की पुढच्या वाडीत त्याचे काम पहिल्याच दिवशी अडवले गेले आणि मजुरांना बसून रोज द्यावा लागला, तर मला त्याच गावात खडी टाकायला जागा आणि काँक्रीटवर मारायला विहिरीचे पाणी फुकट मिळाले. अंदाजपत्रकी दरापेक्षा वीस-पंचवीस टक्के खाली निविदा भरणाऱ्याला असा खर्च परवडत नाही, हे खरे; म्हणूनच इतके खाली उतरू नये. तो उतरत असे, आणि मग सिमेंटमध्ये काटकसर करत असे. दोषदायित्वाची, म्हणजे काम संपल्यावरही दोषांना कंत्राटदार जबाबदार असतो ती मुदत संपायच्या आत पाट फुटला की दुरुस्ती आपल्याच अंगावर येते, हे त्याला समजावून मी थकलो.

एक गोष्ट मात्र आधी सांगायला हवी होती. आमच्या घरची काजूची बागायत आहे, त्यामुळे बिल रखडले तरी चूल थांबत नव्हती. तुम्हाला तसा आधार नसेल तर आधी कोणाकडे तरी साइटवर काम करा आणि कर्ज काढून यंत्रे घेऊ नका, ती भाड्याने मिळतात. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यानंतर माझे गवंडी जास्त रोजाच्या बांधकामांवर निघून गेले, तेव्हा दर भरताना मजुरीचा आकडा कागदावरचा धरू नका, मुकादमाला विचारून धरा.