बदकाची अंडी फेकू नका, अजून आठवडा आहे

प्रश्न : खुडूक गावरान कोंबडीखाली तिची आठ आणि बदकाची चार अंडी एकाच दिवशी बसवली. एकविसाव्या दिवशी सात पिल्ले निघाली, कोंबडी त्यांना घेऊन उठली. बदकाची अंडी तशीच आहेत. वाया गेली का?

उत्तर : बहुधा नाही. कोंबडीचे अंडे २१ दिवसांत फुटते, बदकाच्या अंड्याला २८ दिवस लागतात. मस्कव्ही जातीचे बदक असेल तर ३५. चूक अंड्यांची नाही, एकाच दिवशी बसवण्याची झाली. बदकाची अंडी सात दिवस आधी ठेवली असती, तर सगळी पिल्ले एकदमच निघाली असती.

आज रात्री खोली अंधारी करून मोबाईलच्या टॉर्चवर प्रत्येक अंडे धरा. रुंद टोकाकडे हवेची मोकळी जागा, बाकी भाग गडद, आणि कडेला लाल शिरा दिसल्या तर पिल्लू जिवंत आहे. नुसताच पिवळसर उजेड आरपार आला तर अंड्यात बीज नव्हते. हलवल्यावर आत पाणी डचमळले किंवा वास आला तर ते लांब नेऊन पुरा, टोपलीत फुटले तर दुर्गंधी सुटते. जिवंत अंडी लगेच दुसऱ्या खुडूक कोंबडीखाली सरकवा. शेजारणीकडून उसनी आणली तरी चालेल! दिवसातून एकदा कोमट पाणी शिंपडा. बदकीण भिजल्या पिसांनी येऊन बसते, कोंबडी कोरडीच असते. रात्रभर गार पडलेली असतील तर मात्र आशा कमी.

पुढच्या वेळी अंड्यावर पेन्सिलीने तारीख लिहा. दुसऱ्या कोंबड्या त्याच टोपलीत गुपचूप अंडी घालून जातात आणि हिशेब चुकतो. सोमवारी बसवलेली कोंबडीची अंडी तिसऱ्या आठवड्यानंतरच्या सोमवारी फुटतात, एवढे लक्षात ठेवले की बोटे मोजावी लागत नाहीत.

प्रश्न : इनक्युबेटरमध्ये बावीसावा दिवस आहे, एका अंड्याला चोच मारल्याची खूण आहे. फोडून काढू का?

उत्तर : नको. पहिल्या टिचकीपासून बाहेर यायला १२ ते २४ तास लागतात. घाईने सोलले की शिरांतून रक्त वाहते. झाकणही सारखे उघडू नका, ओलावा जाऊन आतला पापुद्रा पिल्लाला चिकटतो. तापमान ३७.५ अंशांच्या खाली राहिले असेल तर एक-दोन दिवस उशीर होतोच. अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवणे बंद केले होते ना?