‘तब्येत ठणठणीत आहे, मग गोळ्या कशाला?’

प्रश्न : एचआयव्ही म्हणजेच एड्स ना? (पंचवटी)

नाही. एचआयव्ही हा विषाणू, एड्स ही त्या संसर्गाची शेवटची अवस्था. वेळेत औषध सुरू करून ते नियमित घेणाऱ्या बहुतेकांवर ती येत नाही.

प्रश्न : डास चावून होतो का? (सिडको)

नाही.

प्रश्न : रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. सीडी-फोर ६५० आहे, त्रास काहीच नाही. ऑक्टोबर छाटणी उरकून गोळ्या सुरू केल्या तर चालेल का? (निफाड)

चालणार नाही. डावणी रोगाचे डाग द्राक्षाच्या पानावर दिसेपर्यंत तुम्ही फवारणीला थांबता का?

सीडी-फोर या पांढऱ्या पेशी. जंतू ओळखला गेला की बाकीच्या पेशींना कामाला लावतात त्या याच. विषाणू नेमका त्यांच्यातच शिरतो, आपला मजकूर त्यांच्या जनुकांत घुसवतो आणि त्यांच्याकडूनच स्वतःच्या प्रती काढून घेतो. लागण झालेल्या पेशी मरतातच, पण आजूबाजूच्याही पुष्कळ मरतात. पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातल्या सीडी-फोर मोठ्या प्रमाणात नष्ट होतात. मग आतड्यातल्या जंतूंचे अंश रक्तात झिरपतात आणि शरीर आतून दाहाने सतत धुमसत राहतं. रक्तातला आकडा ५०० ते १५०० या सर्वसाधारण मर्यादेत असतानाही हे चालू असतं. तुमचे ६५० हे त्यातलेच. आकडा २०० च्या खाली गेल्यावर न्यूमोनिया, मेंदूज्वर गाठतात. क्षय तर त्याआधीही गाठतो. म्हणूनच २०१७ पासून आपल्याकडे आकडा कितीही असो, उपचार लगेच सुरू करतात. सिव्हिलच्या एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रात गोळ्या मोफत मिळतात. याच आठवड्यात जा, क्षयाची तपासणीही तिथेच करून घ्या. छाटणी घरचं कुणीही बघेल.

प्रश्न : एक विक्रेता म्हणतो, त्याच्या इम्युनिटी पावडरने सीडी-फोर वाढतं, गोळ्या सोडा. (नाशिकरोड)

त्याच्याकडे पावडरीआधीचा आणि नंतरचा व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याचा, रिपोर्ट मागा. तो देणार नाही. विषाणू निद्रिस्त पेशींत दडून असतो. गोळ्या थांबल्या की बहुतेकांत काही आठवड्यांतच पुन्हा वाढतो. शिवाय अशा पावडरींत कॅल्शियम, लोह, जस्त असेल तर डोल्युटेग्राव्हिर हे एआरटीच्या गोळ्यांतलं औषध नीट शोषलं जात नाही. डबा घेऊन एआरटीच्या डॉक्टरांना दाखवा. गोळी एक दिवसही चुकवू नका.

प्रश्न : यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय. मी कधी तपासू? मला काही होत नाहीये. (सातपूर)

ताई, उद्या सकाळीच. सिव्हिलच्या आयसीटीसीत (समुपदेशन व तपासणी केंद्रात) तपासणी मोफत होते, आधी समुपदेशक बोलतात. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. शेवटचा संबंध ७२ तासांच्या आतला असेल तर उद्याचीही वाट पाहू नका. आजच जाऊन प्रतिबंधक गोळ्यांविषयी विचारा. जाण्याआधी कुणाशी बोलावंसं वाटलं तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा.