‘कोकणस्थ वाटत नाहीस’ म्हणणाऱ्यांना काय सांगू?

प्रश्न : मी २८ वर्षांची, सिव्हिल इंजिनीअर, ठाण्यात राहते. आम्ही कोकणस्थ, मूळ गाव गुहागरजवळ. आई, बाबा, दादा सगळे गोरे, दादा तर घाराही. मी सावळी. ‘हिला हॉस्पिटलात बदललीच असणार’ हा विनोद लहानपणापासून प्रत्येक मुंजीत, लग्नात ऐकत आलेय. आडनाव सांगितलं की ‘अय्या, वाटत नाहीस!’ आता घरचे स्थळं बघताहेत. आत्याने बायोडेटात ‘वर्ण : गोरा’ लिहिलं, फोटो उजळून घेतला आणि पार्लरमधून एक क्रीम आणून दिलं. ते चार महिने लावतेय. एका मुलाशी फोनवर छान जमलं होतं. प्रत्यक्ष भेटल्यावर त्याच्या आईने माझ्या आईला विचारलं, ‘दोन्हीकडून कोकणस्थच ना तुम्ही?’ बाबा इतके चिडले की कुलवृत्तांत काढून आमचं पान दाखवायला निघाले होते. मागे एकदा एका पूजेला यजमानीणबाईंनी मला दुसऱ्या जातीची समजून स्वयंपाकघराबाहेरच थांबवलं होतं, आडनाव कळल्यावर हसत आत बोलावलं. तो अपमान अजून जात नाही. डीएनए टेस्ट करून एकदाचा सोक्षमोक्ष लावावा असं वाटतं. काय करू?
— एक कोकणस्थ (?)

उत्तर : आधी ते क्रीम. डबीवर घटक छापलेले आहेत का बघ. नसतील तर त्यात स्टेरॉइड असू शकतं, पाराही असू शकतो. स्टेरॉइडने सुरुवातीला चेहरा खरंच उजळतो, म्हणून तर पार्लरवालीचा धंदा चालतो. पुढे त्वचा पातळ होते, पुरळ येतं, लाली जात नाही, नको तिथे केस उगवतात, उन्हात गेलं की आग होते. तुझं तर कामच साइटवरचं. पारा थेट मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतो. चार महिने लावल्यावर असं क्रीम एकदम सोडलं की चेहरा भडकतो आणि माणूस घाबरून पुन्हा तेच लावतो. तेव्हा डबी पर्समध्ये टाकून याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

आता डीएनए. कुणाला दाखवणार आहेस तो रिपोर्ट? त्या बाईंना? ‘दोन्हीकडून ना’ हा प्रश्न मुळात तुझ्या आईच्या कुळावर आहे. हॉस्पिटलचा विनोदही काही फार वेगळा नाही, ‘ही तुमची नाही’ हेच आईला हसतहसत ऐकवणं आहे ते. त्याला पुरावा जोडायचा नसतो. आणि रंगाचं म्हणशील तर रहस्य काहीच नाही. त्वचेचा रंग एका जनुकावर ठरत नाही, बरीच जनुकं मिळून ठरवतात. आईबाबांकडून प्रत्येक मुलाच्या वाट्याला त्यांची वेगळी वाटणी येते. म्हणून सख्ख्या भावंडांत एक उजळ, एक सावळं निघतं. कोकणस्थांच्याही घरोघरी निघतं. लग्नाच्या अल्बममध्ये त्यांना कडेला उभं करतात इतकंच.

‘कोकणस्थ म्हणजे गोरा-घारा’ या समजावर आपल्याकडे केवढे इमले बांधले गेलेत! कुणी इराणहून आणलं, कुणी इजिप्तहून. चौदा प्रेतांची दंतकथा आहेच, समुद्रातून वाहत आलेली, परशुरामाने शुद्ध करून उठवलेली. तिच्यावरून मग फुटलेल्या गलबतांचे तर्क. या सगळ्या कौतुकावर मला एकाच बाईंचं काम भारी वाटतं. इरावती कर्वे, माहेरच्या करमरकर. १९२७ च्या सुमारास त्या बर्लिनला ऑयगेन फिशर या मानववंशशास्त्रज्ञाकडे पीएचडीला गेल्या. गोऱ्या युरोपीय माणसाची कवटीच वेगळ्या घडणीची असते, असं फिशरचं म्हणणं होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा फरक दिसत नाही, असं त्याच्याच हाताखालच्या प्रबंधात लिहिलं. पुढे नाझींच्या वंशविज्ञानात हाच फिशर मिरवला. परदेशात एकटी राहणारी एक चित्पावन मुलगी आपल्या गाइडला असं तोंडावर सांगू शकली. तुला फक्त आत्याला सांगायचंय.

आणखी एक गंमत. तुमच्या गुहागरच्या उत्तरेला, रायगडच्या किनाऱ्यावर बेने इस्रायल हा मराठी बोलणारा ज्यू समाज राहायचा. त्यांचीही कथा फुटलेल्या गलबताचीच. त्यांच्यात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन गट मानत आणि एकमेकांत लग्नं करत नसत. ‘काळा’ कोण? ज्याच्या पूर्वजांत कुणीतरी धर्माबाहेरचं होतं तो. म्हणजे गोष्ट कुळाची, लेबल रंगाचं. तुझ्या बाबतीत याच्या उलट चाललंय. बघतात रंग, शंका घेतात कुळाची.

इथे थोडं कडू बोलते. पत्रात तुला सगळ्यात जास्त लागलंय ते स्वयंपाकघराचं. साहजिक आहे. पण मी तो परिच्छेद दोनदा वाचला. तुझा राग ‘मला चुकीचं ओळखलं’ यावर आहे. त्या बाईंचा अंदाज बरोबर निघाला असता तर? तुझ्या जागी खरोखर त्या दुसऱ्या जातीची मुलगी असती, तर तिच्याकडे सांगायला तुझं आडनाव नव्हतं. ती बाहेरच थांबली असती, आणि तो प्रसाद तिला कसा लागला असता याचा विचार तुझ्या पत्रात कुठे नाही. बाबांनी कुलवृत्तांत काढणं म्हणजे टीसीला पास दाखवणं झालं. पास खरा आहे, मान्य. पण तपासणीचा हक्क आपणच त्याला देतो. तुझ्या नावापुढचं ते प्रश्नचिन्ह पुसलं जावं अशी तुझी इच्छा आहे. मला वाटतं, ते राहू दे. त्या कंसामुळे तुला जे दिसलंय, ते तुझ्या गोऱ्यापान दादाला आयुष्यात कधी दिसणार नाही.

‘विठोबाही सावळाच गं’ असलं सांत्वन मी करणार नाही. विठोबाला स्थळं बघायची नव्हती.

बायोडेटा आज बदल. ‘वर्ण’ ही ओळच काढून टाक. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या ‘फेअर अँड लव्हली’लासुद्धा २०२० मध्ये नावातलं ‘फेअर’ काढावं लागलं, आपल्या बायोडेटात मात्र गोरा, निमगोरा, गव्हाळ ही उतरंड जागच्या जागी आहे. फोटो साइटवरचा लाव, हेल्मेट घातलेला. आत्या म्हणेल, ‘अगं, स्थळं कमी येतील.’ येतील कमी. पण प्रत्यक्ष भेटल्यावर चेहरे पडणारी येणार नाहीत, आणि उजळवलेला फोटो पाठवून आपणही समोरच्याला फसवतच होतो, हेही तिला सांग. बाबांना कुलवृत्तांत कपाटात ठेवायला सांगताना जरा सांभाळून घे. रागाच्या आत त्यांना बायकोचा अपमान झोंबलाय, ते बोलून दाखव.

राहिला तो मुलगा. त्याच्याबद्दल तू एकच वाक्य लिहिलंस, ‘छान जमलं होतं’. आईने तो प्रश्न विचारला तेव्हा हे महाशय काय करत होते? पोहे खात होते? त्याला तूच फोन कर, मधे कुणाला घालू नकोस. ‘तुझ्या आईने विचारलं ते तुला कसं वाटलं?’ एवढंच विचार आणि गप्प बस. त्याला बोलू दे. तो लाजला, चिडला, आईशी बोलतो म्हणाला, तर भेटत राहा. ‘अगं, आईचं मनावर घेऊ नकोस, पण खरंच दोन्हीकडून ना?’ असं काही निघालं, तर फोन ठेव आणि आत्याला पुढचं स्थळ बघायला सांग. फोटो मात्र तिच्या मोबाइलमधून जाता कामा नये.