हास्केलमध्ये मराठी फाईल लॅपटॉपवर वाचली जाते, सर्व्हरवर एरर येतो, असं का?

तुमचं म्हणणं असं की हास्केल या प्रोग्रामिंग भाषेतला तोच प्रोग्राम लॅपटॉपवर नीट चालतो, सर्व्हरवर 'इनव्हॅलिड बाइट सिक्वेन्स' म्हणून बंद पडतो, आणि प्रिंट केलं की मराठीऐवजी आकडे दिसतात. या दोन वेगळ्या भानगडी आहेत.

आकड्यांचं सोपंय. प्रिंट आतून शो हे फंक्शन वापरतं आणि शो आस्कीबाहेरचं (साधी इंग्रजी अक्षरं-चिन्हं सोडून) सगळं एस्केप करतं, म्हणजे अक्षराऐवजी त्याचा नंबर लिहितं, म्हणून 'म'च्या जागी बॅकस्लॅश आणि २३५० दिसतं. डेटा ठीक आहे, पुटस्ट्रएलएन वापरा, झालं.

खरं दुखणं लोकेलचं, म्हणजे मशीनच्या भाषेच्या सेटिंगचं. प्रिल्यूडमधलं (हास्केलमध्ये आपोआप मिळणारं मॉड्यूल) रीडफाईल फाईलमध्ये काय आहे ते बघतच नाही, मशीनचं लोकेल सांगेल ते एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइट्समध्ये मांडायची पद्धत, धरून चालतं. लॅपटॉपवर तिथे यूटीएफ-८ असतं, ज्यात मराठीही बसते, पण कंटेनर किंवा क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) बऱ्याचदा लोकेल ठरवणारं लँग व्हेरिएबल सेटच नसतं, मग गाडी आस्कीवर येते आणि १२७च्या वरचा पहिला बाइट दिसला की खेळ खल्लास. सर्व्हरवर लँग सेट करून आजचं भागेल हो, पण उद्या नवीन मशीनवर परत तेच.

मी तरी फाईल बाइटस्ट्रिंग म्हणून, म्हणजे कच्चे बाइट्स म्हणून, वाचतो आणि स्वतः डिकोड करतो. त्यासाठी डेटा.टेक्स्ट.एन्कोडिंगमधलं डिकोडयूटीएफ८ घ्या, पण शेवटी अपॉस्ट्रॉफी असलेलं, ते ईदर देतं, म्हणजे एरर किंवा मजकूर यातलं एक, बिनअपॉस्ट्रॉफीचं खराब बाइट आला की सरळ एक्सेप्शन फेकतं. लिहितानाही तसंच, एन्कोड करून बाइट्स लिहा. टेक्स्ट पॅकेज २.१ किंवा पुढचं असेल तर डेटा.टेक्स्ट.आयओ.यूटीएफ८ मॉड्यूल आहे, ते लोकेलकडे बघतच नाही. फाईल विंडोजवरून आली असेल तर सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंग सांगणारी न दिसणारी खूण) चिकटलेला असू शकतो, तो काढून टाका नाहीतर पहिल्या ओळीची तुलना का जुळत नाही म्हणून डोकं धरून बसाल.

आणि एक, बाइटस्ट्रिंग.चार८चं पॅक मराठीला लावू नका. ते प्रत्येक कॅरेक्टरचे खालचे आठ बिट ठेवून बाकीचे गुपचूप कापतं, 'मराठी'चं चक्क '.0> @' होतं, एरर नाही की वॉर्निंग नाही.

टेक्स्टची लेंग्थ कोडपॉइंट मोजते, म्हणजे काना-वेलांटीही वेगळी धरते, 'मराठी'ची ५ येते, दिसायला अक्षरं तीनच. टेक ४, म्हणजे पहिले चार घ्या असं, केलंत तर 'मराठ' उरतं, वेलांटी गेली. मजकूर कापायचाच असेल तर टेक्स्ट-आयसीयू या लायब्ररीमधलं कॅरेक्टर ब्रेक वापरा, ते दिसणाऱ्या अक्षरांवर कापतं.