सायकल आणि सेमिस्टर: वाचकांचे प्रश्न

सांगलीत अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नोव्हेंबर ते जानेवारी शर्यती, आणि त्याच दिवसांत सबमिशन, ओरल, लेखी परीक्षा. पहाटे साडेचारला उठून दोन तास सायकल, दहा ते पाच कॉलेज, रात्री बारापर्यंत अभ्यास. गेल्या दोन्ही शर्यतींत निम्म्या अंतरावर ग्रुपमधून मागे सुटलो. एक विषयही राहिला आहे. सगळे म्हणतात किलोमीटर वाढव. की वर्षभर सायकल बंदच करू?

बंद करू नका, आणि किलोमीटर तर मुळीच वाढवू नका. बारा ते साडेचार म्हणजे साडेचार तासांची झोप. एवढ्या झोपेवर इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हलकं, असे तुकडे) केले की थकवा तेवढा साठतो. पाय सुधारतात ते विश्रांतीत, आणि वाचलेलं डोक्यात पक्कं होतं तेही झोपेत. तुमचा राहिलेला विषय आणि सुटलेला ग्रुप, दोन्हींचं कारण बहुधा एकच आहे.

आधी झोप ठरवा: दहा ते सहा, किमान साडेसात तास. तिच्याभोवती बाकीचं बसवा. परीक्षेच्या पाच-सहा आठवड्यांत सायकलीला आठवड्याला पाच-साडेपाच तास पुरतात, अट एवढीच की जोर कमी करायचा नाही. अंतर निम्म्यावर आणलं आणि दोन कडक सत्रं ठेवली, तर कमावलेला दम बराच काळ टिकतो. पूर्ण बंद केलं तर दहा ते चौदा दिवसांत तो उतरायला लागतो. घाबरून सगळं सोडणारे आणि हट्टाने सगळं चालू ठेवणारे, दोघेही फसतात ते इथेच.

मंगळवारी 50 मिनिटं: 15 मिनिटं वॉर्म-अप, मग 4 मिनिटांचे चार जोरकस तुकडे, मध्ये 3-3 मिनिटं हलकं, शेवटी 10 मिनिटं सैल पेडल. चौथा तुकडा पहिल्याच वेगाने झाला पाहिजे. होत नसेल तर पहिला जास्त जोरात गेला. गुरुवारी एक तास, त्यात 15 मिनिटांचे दोन तुकडे, एखाद-दुसरा शब्दच बोलता येईल इतक्या जोराने. रविवारी ग्रुपबरोबर अडीच ते तीन तास. मध्ये एखाद्या दिवशी 40 मिनिटं अगदी हलकं. बाकीचे दिवस सायकल भिंतीला. पेपरच्या आदल्या दिवशी कडक सत्र नको.

सकाळी उठण्याआधी, अंथरुणातच नाडी मोजायची सवय लावा. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त आणि तेही सलग दोन-तीन दिवस असतील, तर कडक सत्र रद्द. नंतर भरून काढायचं नाही. हुकलेलं सत्र दुसऱ्या दिवशी दुप्पट करण्यानेच मुलं आजारी पडतात.

शर्यतीत निम्म्यावर सुटण्याचं दुसरं कारण खाणं. सव्वा-दीड तासांनी पाय रिकामे होत असतील तर पहिल्या वीस मिनिटांपासून खायला सुरुवात करा, भूक लागण्याची वाट पाहू नका. तरीही दम लागत असेल तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा खाली गेलेला असू शकतो.

आता कागदपत्रांचं. सेमिस्टर सुरू होतानाच परीक्षेचं वेळापत्रक आणि शर्यतींच्या तारखा एकाच कागदावर मांडा. दोन शर्यती महत्त्वाच्या ठरवा, उरलेल्या सरावाच्या. लेखी परीक्षेच्या आठवड्यातली सरावाची शर्यत सरळ सोडा. विद्यापीठ संघात निवड झाली की निवडपत्राची प्रत जोडून अर्ज करा, शर्यतीला जाण्याआधी: एक विभागप्रमुखांना, एक परीक्षा विभागाला, एक जिमखान्याला. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. परत आल्यावर दिलेला अर्ज हजेरीच्या यादीपर्यंत पोचेपर्यंत यादी लागलेली असते. ओरल, प्रॅक्टिकल, इंटर्नल यांची तारीख शिक्षकांशी वेळेत बोललं तर बऱ्याचदा बदलून मिळते. लेखी पेपर एका विद्यार्थ्यासाठी पुढे जाईल असं गृहीत धरू नका. राहिलेल्या विषयाला शनिवारची सकाळ द्या, डोकं ताजं असताना; इंटरव्हलनंतरच्या संध्याकाळी तो उघडू नका, तेव्हा जर्नल लिहा.

मुलगा सांगलीला होस्टेलवर असतो, सायकलच्या शर्यती करतो. दिवाळीपासून वजन चार किलो उतरून 58 वर आलं आहे. प्रोटीन पावडर परवडत नाही. तासगावहून डब्यात काय पाठवू?

पावडरची गरज नाही, पण पोटभर अन्नाची आहे. चार किलो उतरणं म्हणजे तो जेवढं जाळतो तेवढं खात नाही. जड सरावाच्या दिवशी 58 किलोच्या मुलाला साधारण साडेतीनशे ते साडेचारशे ग्रॅम कर्बोदकं लागतात आणि 85 ते 90 ग्रॅम प्रथिनं. मेसच्या दोन वेळच्या जेवणात ती भरत नाहीत. अर्धा लिटर दूध 16 ग्रॅम प्रथिनं देतं, दोन अंडी 12, मूठभर शेंगदाणे सात-आठ. वर मोड आलेली मटकी आणि दाट वरण. भाकरी-चपाती मोजू नये, भात टाळू नये.

तुमच्या गावचा बेदाणा सायकलवाल्यासाठी उत्तम. 40 ग्रॅम बेदाण्यात जवळपास 30 ग्रॅम कर्बोदकं असतात, आणि दीड तासापेक्षा जास्त चालवताना तासाला 30 ते 60 ग्रॅम लागतात. अशा चाळीस-चाळीस ग्रॅमच्या पुड्या बांधून द्या. बाटलीसाठी 750 मिली पाण्यात तीन मोठे चमचे साखर, पाव छोटा चमचा मीठ, अर्धं लिंबू. शेंगदाण्याचे लाडू सरावानंतर द्या. शर्यतीआधी नकोत, त्यातलं तेल पचायला वेळ घेतं. भडंगचंही तसंच, संध्याकाळी खुशाल खावं. शर्यतीच्या सकाळी तीन तास आधी पोहे किंवा गूळ-चपाती, जे रोज खातो तेच.

एवढं खाऊनही तीन आठवड्यांत वजन थांबलं नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

साताऱ्यात बी.कॉम.ला आहे. सव्वासातला कॉलेज, त्यामुळे सराव संध्याकाळी, जेमतेम एक तास. यवतेश्वर घाट चढते. पुढची चकती 39 दात्यांची, मागची सगळ्यात मोठी 25 दात्यांची. महिन्याभरापासून गुडघा पुढच्या बाजूने दुखतो.

गिअर जड आहे. 39-25 वर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण 3.3 मीटर पुढे जाते. ताशी 11.5 किलोमीटरने चढताना मिनिटाला 58 फेरेच पडतात, आणि प्रत्येक फेऱ्यात सगळा भार गुडघ्याच्या वाटीवर येतो. 34-28 वर त्याच वेगाला 75 फेरे पडतील. पुढची चकती बदलणं महाग वाटलं तर आधी मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदला. मात्र जुन्या, आखूड केजच्या डिरेल्युअरला (मागे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवतो तो भाग) 32 दाते झेपत नाहीत, 28च्या पुढे जाण्याआधी मेकॅनिककडून खात्री करून घ्या. मोठी कॅसेट टाकली की चेनची लांबीही तपासावी लागते. चेन आखूड राहिली आणि चुकून पुढच्या-मागच्या दोन्ही मोठ्या चकत्यांवर पडली, तर डिरेल्युअर तुटू शकतो.

सीटची उंचीही बघा. टाच पेडलवर ठेवून पेडल सर्वात खाली नेलं की गुडघा सरळ व्हायला हवा. वाकलेला राहत असेल तर सीट वर घ्या, पण एका वेळी तीन-चार मिलिमीटरच, आणि आठवडाभर तसंच चालवून बघा. दुखणं थांबेपर्यंत घाट बंद, सपाटीवर हलक्या गिअरने चालवा. नंतर माथा गाठायचा हट्ट नको: आठ मिनिटं चढ, खाली या, पुन्हा आठ मिनिटं. उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका, वळणाआधी दाबा, वळणात सोडा. रिम ओली असली की ब्रेक उशिरा लागतो, त्यामुळे धुक्याच्या दिवशी घाट नकोच.

पलूसकडे राहतो. गळीत हंगामात पहाटे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. सराव कसा करू?

उजाडण्याआधी रस्त्यावर उतरू नका. डिसेंबरात सूर्य सातच्या आसपास उगवतो, आणि ट्रॅक्टरमागच्या ट्रॉल्यांना मागचे दिवे बऱ्याचदा नसतात. दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतील तर मागची हेलकावे खाते. वाऱ्याच्या आडोशाला तिच्या मागे लागू नका, डावीकडून तर कधीच काढू नका. बाहेर आलेला ऊस खांद्याला किंवा हँडलला लागतो. रस्त्यावर पडलेल्या कांड्यावर तिरकं चाक गेलं की घसरतंच.

आठवड्याचे दिवस घरी ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड) 45 मिनिटं करा. समोर पंखा हवाच; तो नसेल तर अंग तापतं, नाडी चढत जाते आणि इंटरव्हल अर्धवट राहतात. मागे जुना टायर चढवा, चांगला झिजवू नका. हँडलवर टॉवेल टाका, घामाने बोल्ट गंजतात.

परीक्षा आणि शर्यत एकाच आठवड्यात, त्यात खोकला. घरातलं सिरप घेऊ का?

लेबल वाचल्याशिवाय नको. आपल्याकडच्या अनेक खोकल्याच्या सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं, आणि ते खेळाडूंना बाराही महिने निषिद्ध आहे. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन शर्यतीच्या काळात ठरावीक प्रमाणापलीकडे लघवीत सापडलं तर कारवाई होते. ‘आईने दिलं’ हे उत्तर तिथे चालत नाही. मी स्पर्धा खेळतो, चाचणी होऊ शकते, असं डॉक्टरांना आधीच सांगा आणि चिठ्ठी जपून ठेवा. ताप असेल किंवा खोकला छातीत उतरला असेल तर शर्यत सोडा, पेपर द्या. ताप गेल्यावर दोन दिवस आराम, तिसऱ्या दिवशी 30 मिनिटं हलकी सायकल, इंटरव्हल आठवड्यानंतर.