कर्नल अपडेट केल्यावर व्हेंडरचा जुना ड्रायव्हर चालत राहावा म्हणून काय करायचं?

तुमचा प्रश्न असा: महापेच्या डेटा सेंटरमधल्या रेड हॅट लिनक्स सर्व्हरवर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) अपडेट केला की स्टोरेज कार्डाचा व्हेंडरने दिलेला मॉड्यूल (कर्नलमध्ये लोड होणारी ड्रायव्हरची फाइल) 'इन्व्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' म्हणत लोड होत नाही. मग दर अपडेटला नवा मॉड्यूल मागवायचा का?

दरवेळी नाही. आधी डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) बघा, खरं कारण तिथे असतं. 'डिसॅग्रीज अबाउट व्हर्जन ऑफ सिम्बॉल' असेल तर सीआरसी, म्हणजे मॉड्यूलला लागणाऱ्या कर्नल फंक्शनचा (सिम्बॉलचा) पडताळणी आकडा, जुळलेला नाही. ती ओळ नसून नुसतं 'अननोन सिम्बॉल' असेल तर ते फंक्शन नव्या कर्नलमध्ये सापडतच नाही. मॉड्यूल कोणत्या कर्नलसाठी बनला ते सांगणाऱ्या व्हर्मॅजिकमधला रिलीज नंबर वेगळा दिसला म्हणून मात्र घाबरू नका. मॉड्यूलमध्ये सीआरसी असले की कर्नल तो भाग तपासत नाही.

सीआरसी का बदलतो? समजा एखाद्या स्ट्रक्टमधला (एकत्र ठेवलेल्या डेटाच्या रचनेतला) पॉइंटर ४८व्या बाइटवर होता. त्याच्या आधी ८ बाइटचं नवं फील्ड घुसलं की तो ५६वर जातो, पण तुमचा कंपाइल झालेला मॉड्यूल ४८वरच वाचत राहणार. म्हणून फंक्शनच्या डिक्लेरेशनमधून जे जे स्ट्रक्ट उलगडतात, त्या सगळ्यांचा मिळून ३२ बिटांचा सीआरसी काढतात. खोलवरचं एक फील्ड बदललं तरी पन्नास सिम्बॉल एकदम बिघडलेले दिसतात ते यामुळेच. रेड हॅटवाले स्ट्रक्टमध्ये आधीच रिकाम्या जागा राखून ठेवतात आणि पुढे त्या वापरतात, सीआरसी हलू न देता. पण ही हमी फक्त स्टेबललिस्टमधल्या (रेड हॅटच्या स्थिर सिम्बॉलच्या यादीतल्या) सिम्बॉलना आहे. मूळ लिनक्समध्ये मॉड्यूलसाठी अशी हमीच नाही, ती फक्त यूजर स्पेसला (कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमना).

तेव्हा मॉड्यूल लोड करणाऱ्या मॉडप्रोब कमांडच्या 'डंप मॉडव्हर्जन्स' पर्यायाने मॉड्यूल कोणते सिम्बॉल मागतो ते काढा आणि तुमच्या मायनर रिलीजच्या स्टेबललिस्टशी ताडून बघा. सगळे यादीत असतील तर वीक-मॉड्यूल्स स्क्रिप्ट नव्या कर्नलच्या वीक-अपडेट्स फोल्डरमध्ये जुन्या फाइलकडे नेणारी सिमलिंक टाकते. रीबूटआधीच ती लिंक आहे का बघा. डीएनएफ (पॅकेज बसवणारं साधन) नवा कर्नल जुन्याशेजारीच बसवतो, त्यामुळे हे निवांत करता येतं. स्टोरेजचा ड्रायव्हर असल्याने एलएसइनिटआरडी कमांडने इनिटरॅमएफएसमध्येही (बूट होताना आधी लोड होणारी छोटी फाइल सिस्टिम) तो आहे याची खात्री करा. मॉडप्रोबच्या ड्राय-रनवर विसंबू नका. त्यात मॉड्यूल कर्नलपर्यंत जातच नाही, मग सीआरसी तपासणार कोण?

फोर्स करून लोड करण्याचा मोह आवरा. चुकीच्या ऑफसेटवर लिहिणारा स्टोरेज ड्रायव्हर सर्व्हर पाडेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे न पाडता डेटा खराब करेल.

एखादा सिम्बॉल यादीबाहेर असेल आणि व्हेंडर सोर्स देत असेल, तर डीकेएमएस वापरा, ते दर कर्नलसाठी मॉड्यूल नव्याने कंपाइल करतं. त्याला नेमक्या त्याच रिलीजचं कर्नल-डेव्हल पॅकेज लागतं. सिक्युअर बूट (फक्त सही असलेला कोड चालू देणारी सोय) चालू असेल तर मॉड्यूल साइनही करावा लागेल. त्या सहीची मॉक की (मशीन ओनर की) पक्की करण्याची स्क्रीन रीबूटच्या वेळी येते आणि थोड्याच सेकंदांत निघून जाते. एसएसएच (दुरून लॉगइन) तोवर वर आलेलं नसतं. रिमोट कन्सोल आधी चालू करून ठेवा, नाहीतर ठाण्याहून रात्री महापे गाठावं लागेल.

नवा कर्नल पडताळून होईपर्यंत ग्रबी कमांडने जुनाच डिफॉल्ट ठेवा. आणि डीएनएफ सहसा तीनच कर्नल ठेवतो, चौथा आला की सर्वांत जुना काढतो. चालता कर्नल तो काढत नाही, पण नव्यावर बूट झालात की ते संरक्षण जुन्याला राहत नाही, म्हणून डीएनएफच्या सेटिंगमधली इन्स्टॉलओन्ली लिमिट वाढवून ५ करा.