युरोपातल्या सामान्य माणसाला दरवर्षी बाहेरगावी सुट्टीला जाणं खरंच परवडतं का?

तुम्ही लिहिलंय, 'तिकडे साधी नोकरी करणारेही दरवर्षी फिरायला जातात म्हणे.' हे 'म्हणे' माझ्या चांगलंच ओळखीचं आहे. आमचे थोरले दीर पुण्याहून दर फोनला तेच म्हणतात. म्हणून लिहायला बसले.

बऱ्याच जणांना परवडतं. पण युरोस्टॅटच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या आकडेवारी खात्याच्या, २०२४ च्या आकड्यांप्रमाणे युरोपीय संघातल्या २७ टक्के लोकांना वर्षातून एक आठवडासुद्धा घराबाहेर सुट्टी घेणं परवडत नव्हतं, म्हणजे चौघांत एकाहून जास्तच. रोमानियात हा आकडा ५८ च्या पुढे, ग्रीसमध्ये ४६. ज्या ग्रीसच्या निळ्या-पांढऱ्या घरांचे फोटो सगळे टाकतात, तिथल्याच जवळजवळ निम्म्या लोकांना सुट्टी परवडत नाही. लक्झेंबर्गमध्ये मात्र जेमतेम ९. तेव्हा 'युरोपातला माणूस' असा सरसकट प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही.

मी नऊ वर्षं जर्मनीत डॉर्टमुंडला आहे, एका बालवाडीच्या स्वयंपाकघरात काम करते. उन्हाळ्यात बालवाडी तीन आठवडे बंद असते. पहिल्या वर्षी माझ्याबरोबर भांडी लावणाऱ्या बाईला मी विचारलं, सुट्टीत कुठे जाणार? ती म्हणाली, 'बाल्कोनियनला.' मला वाटलं बाल्कनमधला एखादा देश असेल. 'तिथे ऊन छान असेल ना आता?' तर म्हणते, 'दुपारी दोननंतर.' आणि हसत सुटली. बाल्कोनियन म्हणजे घराची बाल्कनी! सुट्टीत कुठेही न जाणाऱ्यांसाठी जर्मन लोकांनी केलेला हा जुना विनोद. मी घरी येऊन नकाशा उघडायच्या बेतात होते, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

त्याच सुट्टीत तिच्याकडे गेले. एकटी बाई, दोन मुलं, अर्धवेळ पगार. आपल्याकडे गॅलरीत तुळस आणि वॉशिंग मशीन मावतं, तेवढीच जागा. तिथे हवा भरायचा छोटा टब, त्यात मुलांचे पाय, एक घडीची खुर्ची आणि कठड्याला बांधलेली कागदी छत्री. गंमतच वाटली मला. मग लक्षात आलं, रस्त्याकडच्या खिडक्यांची शटरं भरदुपारी खाली ओढलेली आहेत. मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली, 'समोरच्यांना वाटू दे आम्ही गावाला गेलोय.'

तिच्या धाकट्याला मी मूठभर शिंपले दिले होते, आमच्या गुहागरच्या वाळूतले. शाळा सुरू झाल्यावर सुट्टीबद्दल सांगायची वेळ आली तेव्हा त्याने तेच वर्गात दाखवले, हॉलंडच्या समुद्रावरचे म्हणून. डॉर्टमुंडचे लोक हॉलंडच्याच किनाऱ्यावर जातात, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. तिने हे मला सांगितलं तेव्हा हसावं की गप्प बसावं कळेना.

आमचे दीर टूरवाल्यांबरोबर बारा दिवसांत सहा देश करून आमच्याकडे दोन दिवस राहिले होते. महामार्गावर मागे सायकली बांधलेल्या कॅरॅव्हॅनची, म्हणजे चाकांवरच्या घरांची, रांग बघून म्हणाले, 'बघ, यांच्याकडे पैसा कसा आहे. नाहीतर तुम्ही, अजून भाड्याच्या घरात.' अहो, घरी बसलेला माणूस महामार्गावर दिसणार कसा? आणि भाड्याचं म्हणाल तर जर्मनीत निम्म्याहून जास्त लोक भाड्यानेच राहतात. फ्लॅटचा हप्ता नाही, मुलीच्या लग्नाचं सोनं नाही, त्यामुळे हातात जे उरतं त्यातून सुट्टी निघते. पाच दिवसांच्या आठवड्याला किमान २० दिवसांची भरपगारी रजा कायद्यानेच मिळते, बहुतेकांना त्याहून जास्त. फ्रान्समध्ये तर ही भरपगारी रजा १९३६ सालच्या संपांनंतर आली. आपल्याकडे साहेबाकडे चार दिवस मागताना घशाला कोरड पडते, तो फरक आधी बघा, पैशाचा नंतर.

आणि जे जातात तेही काही हॉटेलात लोळत नाहीत. तंबू लावतात, नाहीतर भाड्याच्या घरात स्वतः रांधतात. बटाटे, पास्ता, कॉफी घरून डिकीत भरून नेणारे मी डोळ्यांनी बघितलेत. पोरंबाळं नसलेले जूनच्या सुरुवातीला किंवा सप्टेंबरात स्वस्तात उरकतात. शाळकरी मुलं असली की ऐन सुट्टीतच जावं लागतं, भाव चढलेले असताना. चार दिवस आधी मुलांना शाळेतून काढून नेलं तर दंडही होऊ शकतो.

आता आमचं. आम्ही चौघं दर उन्हाळ्यात सांगलीला येतो. तिकिटांचेच साडेतीन हजार युरो, भेटवस्तू वेगळ्या. युरोस्टॅटच्या व्याख्येत नातेवाइकांकडे राहिलेला आठवडाही सुट्टीत धरतात, म्हणजे कागदोपत्री आम्ही 'परवडणाऱ्यां'त. पण तीन आठवडे रोज कुणाकडे तरी जेवण, मिरजेच्या आत्यांकडे नाही गेलात म्हणून रुसवा, आणि जावेबरोबर वीस माणसांच्या पोळ्या. ही सुट्टी आहे? मी तरी तिला सुट्टी म्हणत नाही, यावरून माझं नवऱ्याशी दरवर्षी वाजतं. त्याच्या मते आईवडील आहेत तोवर जायचंच. आहे त्याचंही बरोबर.

तर तुम्ही नोकरीसाठी इकडे यायचं ठरवत असाल तर रजा भरपूर मिळेल, फिरायचं असेल तर पहिल्याच वर्षी फिरून घ्या आणि घरच्यांना तसं आधीच सांगा. नंतर ते अवघड होत जातं. अर्थात मी एका शहरातल्या एका गल्लीतून बोलतेय. म्युनिकच्या आयटीवाल्याला विचाराल तर तो वेगळंच सांगेल, आणि एकट्याच्या पगारावर दोन पोरं वाढवणारी बाई आणखी वेगळं.

यंदा त्या बाईकडून तंबू उसना घेतलाय. तिला तो कुणीतरी दिला होता, एकदाही उघडलेला नाही. ऑगस्टात पाच दिवस हॉलंडला, आम्ही चौघं आणि तिची दोन पोरं. सांगलीला यंदा दिवाळीनंतर. दिरांना अजून कळवलेलं नाही, नवऱ्याने कळवायचं ठरलंय.